अब्बांची निळी फाईल

गेली एकवीस वर्षे मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. रात्री दोन वाजता रिक्षातून, जीपमधून, कधी दुधाच्या टेम्पोतून माणसे आणली जातात ती आमच्याच दारात. अपघात, हार्ट अटॅक, सर्पदंश, विष प्यालेली तरणी पोरे, तापात झटके आलेले लहान मूल. कुणाला आधी बघायचे हे आम्हाला कुणी सांगावे लागत नाही. दारातून स्ट्रेचर आत येतानाच हात आपोआप त्या दिशेला वळतात.

पण एका प्रकारच्या पेशंटकडे माझे हात वळत नव्हते, हे मला आज तुमच्यासमोर कबूल करायचे आहे. कॅन्सर पसरलेला माणूस यायचा. सोबत थकलेली बायको किंवा मुलगा, पिशवीत रिपोर्टचा गठ्ठा. मी फाईल उघडायची, "चौथी स्टेज" हे शब्द दिसायचे, आणि ते स्ट्रेचर औषधांच्या कपाटाजवळच्या कोपऱ्यात जायचे. सलाईन लागायचे, दुखण्याचे एक इंजेक्शन दिले जायचे आणि डॉक्टर सांगायचे, "आता काही करण्यासारखे राहिले नाही. घरी न्या, सेवा करा." नातेवाईक माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची. यात मला कधी काही वावगे वाटले नाही. जीव वाचवायची जागा आहे ही, ज्यांचा वाचतो त्यांच्यासाठी. असा माझा हिशोब होता.

मग एका रात्री त्या कोपऱ्यात माझे अब्बा होते.

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षे त्यांनी गाडी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटू दिले नाही, याचा त्यांना हजला जाऊन आल्याइतका आनंद होता. निवृत्तीनंतर फजरला मशिदीत जायचे, येताना पाव आणायचा आणि दारात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांचे आवाज ऐकून कुणाचे काय बिघडले आहे ते सांगायचे, हा त्यांचा दिनक्रम. सत्तरी ओलांडल्यावर लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि तो हाडांपर्यंत गेलेला होता. ऑपरेशन झाले, गोळ्या चालू झाल्या. अल्हम्दुलिल्लाह, पुढचे दीड वर्ष चांगले गेले. इतके चांगले की घरात कॅन्सर हा शब्दही कुणी काढत नव्हते.

त्यानंतर पाठ दुखू लागली. भाईजानने फोन केला तेव्हा मी नाइट ड्युटीवर निघाले होते. तो म्हणाला, "रात्री आडवं झालं की जास्त दुखतं म्हणतात. खोकलं की कळ येते. आणि पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतंय म्हणे." मी म्हणाले, हाडात गेलेला आहे, दुखणारच, ती गोळी दोनदा दे. फोन ठेवला आणि बस पकडली.

ती तीन वाक्ये मी आज कुठल्याही शिकाऊ नर्सला पाठ करायला सांगते. आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे, खोकल्यावर येणारी कळ, आणि पोटाभोवतीचा पट्टा. पाठीच्या मणक्यातली गाठ आतल्या मज्जारज्जूला दाबू लागली की माणूस नेमके हेच सांगतो. अब्बांनी जणू पुस्तक वाचून दाखवले होते. ऐकणारी नर्स होती, मुलगी होती, आणि तिने ऐकले नाही.

पाच-सहा दिवसांनी वुजू करताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. ती निसटलेली त्यांना कळलीच नाही. दुसऱ्या दिवशी पायरी चढता येईना. संध्याकाळपर्यंत लघवी बंद झाली, पोट फुगले. भाईजानने शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना रात्री गावातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेले. मी ऐंशी किलोमीटरवर माझ्या स्वतःच्या कॅज्युअल्टीत ड्युटीवर होते.

तिथे जे झाले ते मी भाईजानकडून ऐकले, पण ऐकताना मला सगळे डोळ्यांसमोर दिसत होते, कारण हे मी शेकडो वेळा केलेले होते. केसपेपर झाला. वय चौऱ्याहत्तर, कॅन्सर पसरलेला. लघवीची नळी टाकली, पोट मोकळे झाले, अब्बांना बरे वाटले. सलाईन लावले. पाय उचलता येत नाही असे भाईजानने सांगितले तर उत्तर मिळाले, "अशक्तपणा आहे, वय झालं, आजार पसरलाय." सकाळी घरी पाठवले. मला फोनवर हे कळले तेव्हा मीदेखील म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केले असते, आणि माझ्या जागी असूनही तेच केले.

तिसऱ्या दिवशी मी घरी पोचले. अब्बा कॉटवर होते. चादर बाजूला केली आणि पायाच्या अंगठ्याला सेफ्टी पिनने टोचले. ते छताकडे बघत होते. मी घोट्याला टोचले, गुडघ्याला टोचले, मांडीला टोचले. ते म्हणाले, "कधी टोचणार आहेस?"

त्याच दुपारी गाडी केली. एमआरआय झाला. बार्शीला नेले. आमच्या भागात "बार्शीला नेले" म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही; तिथले कॅन्सर हॉस्पिटल नर्गिस दत्त यांच्या नावाने आहे. १९८१ साली नर्गिस स्वतः कॅन्सरने गेल्या, हे अम्मीला चांगले आठवत होते. "इतकी मोठी हिरॉईन, तिलाही कुणी वाचवू शकलं नाही," असे ती गाडीत दोनदा म्हणाली आणि मग कुणीच काही बोलले नाही.

डेक्सामेथासोनचे इंजेक्शन लगेच दिले गेले. या औषधाने मज्जारज्जूभोवतीची सूज उतरते. नंतर पाच दिवस लाईट दिली. रेडिएशनला आपल्याकडे कुणी लाईट म्हणतात, कुणी शेक. पाठीचे दुखणे आठवड्यात निम्म्याहून कमी झाले. पाय परत आले नाहीत.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, "शेवटचे कधी चालले?" मी सांगितले. त्यांनी फक्त मान डोलावली. नंतर समजावून सांगितले की या आजारात चालत आलेला माणूस उपचारानंतर बहुतेक वेळा चालतच राहतो; पण पाय जाऊन दिवस उलटले की ते परत आणणे फार कठीण होते. कॅन्सर बरा होणार नव्हता, हे खरेच होते. पण कॅन्सर बरा होत नाही म्हणून पाय वाचवायचे नाहीत, असे कुठे लिहिले आहे? अब्बांचे आयुष्य किती उरले होते ते अल्लाहला ठाऊक, पण जे उरले होते त्यात मशिदीपर्यंतची चारशे पावले होती. ती आमच्या दुर्लक्षाने गेली.

मी रडत होते ते अब्बांनी पाहिले. आमच्या घरात बोलणे दखनीतच चालते. ते म्हणाले, "कायकू रोती? गाडी चूकी तो दुसरी पकडने की. डेपो में बैठके रोना नै."

घरी आल्यावर खरी तीमारदारी सुरू झाली. कूस बदलणे, नळीची पिशवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी. हे सगळे मला येत होते. मला न येणारी गोष्ट वेगळीच होती. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या, दर चार तासांनी एक, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ हमखास होते. मामूंनी पाकिटावरचे नाव वाचले आणि विचारले, "ही अफूच ना? मरताना माणसाला नशा देणार?" अम्मीने गोळ्या कपाटात आतल्या बाजूला सारल्या.

मामूंची भीती एकट्यांची नाही. अफूपासूनच मॉर्फिन बनते. १९८५च्या कायद्याने त्यावर इतकी बंधने आली की बरीच वर्षे मोठमोठ्या रुग्णालयांतसुद्धा ते मिळत नसे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. कॅन्सरच्या दुखण्यासाठी, नीट मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या माणसाला त्याची नशा चढत नाही. तो शांत झोपतो, उठतो, नातवंडांशी बोलतो. एवढे सगळे मी मामूंना सांगितले. त्यांना पटले नाही. मग मशिदीचे मौलाना अब्बांच्या इयादतीला आले तेव्हा मामूंनीच त्यांना विचारले. मौलानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की नशेसाठी घेणे वेगळे आणि असह्य दुखण्यावर हकीमाने दिलेली दवा घेणे वेगळे, इलाज करून घेणे ही आपल्या नबींची (स.) शिकवण आहे. सब्र म्हणजे दवा नाकारणे नव्हे, एवढे ते उठता उठता म्हणाले. मामू त्या दिवसापासून स्वतः घड्याळ लावून गोळी देऊ लागले.

रमजान आला तेव्हा पुन्हा घोळ झाला. अब्बा कुणाला न सांगता रोजे धरू लागले. सहेरीला एक गोळी, इफ्तारला एक. मधली गोळी उशीखाली. असरपर्यंत घामाने चादर भिजायची. चौथ्या दिवशी उशी झटकताना गोळ्या सापडल्या. पुन्हा मौलाना आले. बऱ्या न होणाऱ्या आजारात रोजाऐवजी फिदया आहे, गरिबाला जेवू घालणे आहे, ही सवलत अल्लाहने दिलेली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी अब्बांना पटवले. रोज एका माणसाच्या जेवणाचा डबा अब्बा स्वतः भरून घ्यायचे. भाजी पुरेशी आहे का ते झाकण उघडून बघायचे.

ती निळी फाईल त्याच दिवसांतली. बार्शीच्या डॉक्टरांनी मला सांगितले होते की रिपोर्टचा गठ्ठा कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. सगळ्यात वर एक पान ठेवा. हे मला माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी मला ते सुचले नव्हते. त्या पानावर मी लिहिले: आजार कोणता, कुठे पसरला आहे. काय उपचार झाले, शेवटचा कधी. कोणती औषधे, किती वाजता. मॉर्फिन चालू आहे, अचानक बंद करू नये. कोणत्या औषधाची ॲलर्जी. डॉक्टरांचा फोन, माझा फोन. आणि शेवटची ओळ रिकामी ठेवली, कारण ती अब्बांना विचारूनच लिहायची होती.

ते विचारणे सोपे नव्हते. अम्मी म्हणाली, "ऐसा बुरा मुँह से नक्को निकाल." मी एक महिना टाळाटाळ केली. शेवटी अब्बांनीच विषय काढला. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ मोठ्या शहरात व्हेंटिलेटरवर अठरा दिवस होते. त्यांचा जनाजा आला, तेव्हा घर गहाण पडलेले होते. अब्बा म्हणाले, "मला नळीवर टाकू नका. श्वास अडकला तर त्रास कमी करा. तुम्ही जवळ राहा. बाकी त्याची मर्जी." मी तेच शब्द लिहिले. त्यांनी खाली सही केली, एसटीच्या लॉगशीटवर करायचे तशी, तारखेसकट.

हे पान म्हणजे कायद्याचा कागद नव्हता, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी माणसाला असे इच्छापत्र आधी लिहून ठेवता येते हे मान्य केले आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही असावी लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तसे करावे. काही घरांत शंका येते की हे मरण मागण्यासारखे तर नाही? मीही मौलानांना विचारले. जीव घेणे किंवा मरण मागणे हराम आहे, त्यात दुमत नाही, ते म्हणाले. पण ज्या यंत्राने गुण येणार नाही असे जाणकार डॉक्टर सांगतात, ते लावलेच पाहिजे असे बंधन नाही. ज्यांना अधिक खोलात जायचे असेल त्यांनी आपापल्या आलिमांना विचारावे. मी नर्स आहे, मुफ्ती नाही.

इथे थोडे थांबून एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ती कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. कॅन्सरच्या माणसाला प्रत्येक वेळी कॅज्युअल्टीत पळवायला नको, पण काही वेळा एक तासही थांबायचे नसते. किमो चालू असताना ताप १००.४ झाला की तो साधा ताप समजू नका. त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. अशा माणसाला अँटिबायोटिकचे पहिले इंजेक्शन पोचल्यावर तासाभरात मिळायला हवे. दारातच सांगा, "किमो चालू आहे, ताप आहे," आणि रांगेत उभे राहू नका. पाठीचे दुखणे आणि पायातली ताकद यांचे तर मी वर सांगितलेच. कधी माणूस तीन-चार दिवस सारखे पाणी मागतो, संडास होत नाही, गुंगीत असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात आता शेवट आला. तो शेवट असेलच असे नाही. रक्तात कॅल्शियम वाढले तर असेच होते, ते एका तपासणीत कळते, आणि सलाईन व औषधाने माणूस पुन्हा आपल्याला ओळखू लागतो. चेहरा-मान सुजून मानेच्या शिरा फुगल्या, श्वास लागला, तरी लगेच न्या. रक्तस्राव होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर घरात गडद रंगाचे टॉवेल ठेवा. पांढऱ्या टॉवेलवर रक्त फार दिसते आणि पेशंटच घाबरतो. हे मला एका म्हाताऱ्या आयाने शिकवले, डॉक्टरांनी नाही.

अब्बांचा शेवटचा प्रवास बकरी ईदनंतर पंधरा दिवसांनी झाला. छातीत कफ भरला, श्वास जड झाला. बार्शीला न्यायला वेळ नव्हता. तेच गावातले हॉस्पिटल, तेच दार. या वेळी मी सोबत होते आणि माझ्या काखेत निळी फाईल होती.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. मी फाईल उघडून वरचे पान पुढे केले. त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचले. एकवीस वर्षांत मी इतक्या वेळा पाने पुढे केली असतील, पण कुणी पूर्ण वाचताना पाहिले की आजही मला भरून येते. मग ते स्ट्रेचरशी वाकले आणि माझ्याशी नाही, अब्बांशी बोलले. "चाचा, आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

अब्बांनी छातीवर हात ठेवला.

डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, पानावरची शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितलेली आहे ना?" मी हो म्हणाले. त्यांनी थोडेसे मॉर्फिन शिरेतून दिले. मॉर्फिन दुखण्यावर असते तसे श्वासाच्या तळमळीवरही असते, हे पुष्कळांना माहीत नसते. डोक्याकडची बाजू उंच केली. एक छोटा टेबलफॅन मागवून तोंडावर वारा येईल असा ठेवला. वाऱ्याने तळमळ खरेच कमी होते. पडदा ओढला. कोपऱ्यातला बाक अम्मीसाठी आत आणला. या सगळ्याला वीस मिनिटे लागली असतील. मी हिशोब ठेवला होता, सवयीने.

तेवढ्यात कुवेतहून धाकट्याचा फोन आला. तो ओरडत होता, "व्हेंटिलेटर का लावत नाही? पैशाची फिकीर करू नका, मी आत्ता पाठवतो. तुम्ही लोक हात बांधून बसलात!" भाईजान गप्प. अम्मी माझ्याकडे बघू लागली. माझी जीभ टाळ्याला चिकटली. समोर लेखी कागद होता, मीच लिहिलेला. तरी त्या क्षणी मला वाटले की होऊ दे, लावा नळी, निदान उद्या कुणी मला विचारणार नाही. एवढ्या वर्षांत किती नातेवाइकांना मी मनातल्या मनात अडाणी म्हटले होते, ते सगळे आठवले.

डॉक्टरांनी फोन मागून घेतला. "मी तुमच्या वडिलांजवळ उभा आहे," ते म्हणाले. "व्हेंटिलेटर लावला तर त्यांना बोलता येणार नाही, आणि फुप्फुसांची अवस्था बघता तो पुन्हा काढता येईल असं मला वाटत नाही. आम्ही हात बांधून बसलेलो नाही. त्यांचा श्वास आधीपेक्षा शांत आहे. ते जागे आहेत. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं आहे का?" आणि फोन अब्बांच्या कानाला लावला.

धाकटा काय बोलला ते आम्हाला ऐकू आले नाही. अब्बांनी दोनदा "हां" म्हटले आणि एकदा "खुश रह" म्हटले. कुवेतहून विमानाने येणाऱ्याला जनाजा मिळतो, आवाज मिळत नाही. त्याला आवाज मिळाला.

पहाटे साडेतीनच्या सुमारास मी वॉर्डबॉयला विचारले, स्ट्रेचर जरा फिरवता येईल का, किब्ल्याकडे तोंड व्हावे. तो म्हणाला, "कुठल्या बाजूला, ताई?" मी खिडकीकडे बोट दाखवले. त्याने सलाईनचा स्टँड उचलून दुसऱ्या बाजूला घेतला आणि चाके सोडवून स्ट्रेचर फिरवले, अगदी सावकाश. मामूंनी कलमा हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली, अब्बांनी ऐकावा एवढ्याच आवाजात, आग्रह न करता. अम्मीने जमजमचे पाणी कापसाने ओठांना लावले. पलीकडच्या पडद्याआड कुणाचा तरी ईसीजी चालला होता, फोन वाजत होते, एक दारुडा शिव्या देत होता. कॅज्युअल्टी कॅज्युअल्टीच राहते. पण पडद्याच्या आत अब्बांच्या कपाळावरची आठी गेलेली होती. फजरच्या अजानला अजून वेळ होता तेव्हा ते गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जुहरनंतर दफन झाले.

चाळीस दिवसही झाले नव्हते आणि मी ड्युटीवर रुजू झाले. मन लागेना. एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला एक अभ्यास वाचायला दिला. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातला, २०१६ साली छापलेला. पसरलेल्या कॅन्सरचे १३६ रुग्ण इमर्जन्सीत आले असताना त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच पॅलिएटिव्ह डॉक्टरांशी, म्हणजे दुखणे आणि त्रास कमी करणाऱ्या तज्ज्ञांशी जोडून दिले. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे जगणे अधिक सुसह्य होते, आणि त्यांचे आयुष्य त्यामुळे कमी झालेले दिसले नाही. आमच्याकडे असा तज्ज्ञ विभाग नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७पासून मोफत सेवा देते, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन त्याच्याही आधीपासून आहे. पण रात्री दोन वाजता आमच्या दारात आलेल्या माणसाला पुणे-मुंबई काय कामाची? आमच्याकडे आहे ती मी, एक ड्युटी डॉक्टर, एक टेबलफॅन आणि कुलुपातले मॉर्फिन.

मी इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. फार काही मागितले नाही. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर रात्रीच्या पाळीतही हाताशी असावे, कारण रात्री किल्ली घरी जात होती. पडद्याचा एक बेड. आणि केसपेपरवर एक शिक्का, ज्यात दोनच ओळी: सगळ्यात जास्त त्रास कशाचा? गेल्या आठवड्यात चालत होते का? शिक्क्याचे पैसे मीच दिले. किल्लीला तीन महिने लागले. पडद्याचा बेड अजून मिळालेला नाही. जुनी चादर दोरीवर टाकून काम भागवतो.

काही जण हसतात. एक डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, गर्दीत हे जमत नाही." त्यांचेही खरे आहे. दोन अपघात एकदम आले की माझाही शिक्का टेबलावर तसाच राहतो. मागच्याच महिन्यात असा एक पेशंट माझ्या हातून सलाईन लावून परत गेला आणि मला ते ड्युटी संपल्यावर आठवले.

परवा रात्री एक आजी आल्या. छातीचा कॅन्सर, हाडात गेलेला. मुलगा शेतकरी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तो आल्याआल्याच म्हणाला, "मॅडम, शेवट आलाय म्हणतात सगळे. चार दिवस झाले, बडबड करतेय, ओळखत नाही. एक सलाईन लावा, म्हणजे आम्ही न्यायला मोकळे." मी केसपेपर घेतला, शिक्का मारला आणि स्ट्रेचरशी वाकले. "आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "तिला समजत नाही, मॅडम."

"पाणी," आजी म्हणाल्या.

मी मुलाला विचारले, "सारखं पाणी मागतात का? संडास कधी झाली?" तो बोटांवर मोजू लागला. मी फोन उचलला आणि ड्युटी डॉक्टरांना म्हणाले, "सर, यांचं कॅल्शियम पाठवू या का?"